चांदबीबी महाल: ३० वर्षं राहिलेली एक दुरुस्ती

रविवारी सकाळी चांदबीबी महालावर गेलो होतो. बऱ्याच वर्षांनी. पाथर्डी रस्त्याने शहर मागे टाकलं की डोंगर समोर दिसतोच. गाडी वरपर्यंत जाते. तीन मजली, अष्टकोनी दगडी इमारत, कमानीतून अंगावर येणारा वारा आणि खाली पसरलेलं आपलं सगळं नगर. पाहुणा आला की आपण त्याला इथंच आणतो आणि सांगतो, 'हा चांदबीबीचा महाल.'

मित्रहो, हा महाल नाही आणि तो चांदबीबीचाही नाही.

ही सलाबतखानाची कबर आहे. मुर्तझा निजामशहाचा हा वजीर. १५८३ मध्ये पूर्ण झालेला आपला फराहबाग महालही त्याच्याच देखरेखीखाली उभा राहिला. राजा राज्यकारभारातून अंग काढून बसला, तेव्हा अनेक वर्षं राज्य या माणसाने चालवलं. पुढे त्याच राजाने त्याला कैदेत टाकलं. खाली तळघरात उतरून बघा, कबरी आहेत. महालात कबरी कशाला असतील, एवढा साधा प्रश्नही आपल्याला पडत नाही.

चांदबीबी मुर्तझाची बहीण. १५९५-९६ मध्ये मुघल शहजादा मुरादच्या वेढ्यात ती नगरच्या किल्ल्यात उभी राहून लढली. तोवर सलाबतखान जाऊन काही वर्षं झाली होती. तिचा पराक्रम खराच आहे, पण तो खाली, भुईकोट किल्ल्यात घडला. तिला मोठं करायला दुसऱ्याची कबर लागत नाही.

आता कबुली देतो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नवा नवा लागलो होतो, तेव्हा मीच लिहिलं होतं, 'याच महालावरून चांदबीबी शत्रूवर नजर ठेवायची.' कुठं वाचलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. वाक्य छान वाटलं, लिहिलं. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. 'तळघरात उतरला होतात का?' एवढंच. दुरुस्ती छापली गेली नाही, मीही आग्रह धरला नाही. सर आता नाहीत. ती दुरुस्ती आज इथं करतोय.

गेल्या काही वर्षांत शहराच्या नावावरून आपण किती भांडलो! अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. त्यावर प्रत्येकाचं मत आहे, असू द्या. पण ज्याचं नाव कुणीही बदललं नाही, फक्त आपण सगळ्यांनी मिळून विसरलो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. उलट त्याच्याच भिंतीवर खिळ्याने स्वतःचं नाव आणि बाण-बदाम कोरून येतो.

लोकांच्या तोंडी 'चांदबीबी महाल'च राहणार, माझ्याही राहील. हरकत नाही. फक्त पुढच्या वेळी पोरांना घेऊन गेलात, की सेल्फी झाल्यावर त्यांना दोन मिनिटं तळघराकडे न्या. आणि सांगा, इथं सलाबतखान झोपलाय.