प्रवासी पासचे अर्थकारण आणि ठाणे परिसर : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

युरोपातील एखाद्या शहरी चार दिवसांसाठी जाणाऱ्या पर्यटकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो तिकिटाचा. सुटी तिकिटे काढावीत, दिवसाचा पास घ्यावा, की वाहतूक व प्रेक्षणीय स्थळे यांचा एकत्रित पास घ्यावा? ठाण्याच्या वर्तकनगरातून निघालेल्या पर्यटकाला हा हिशेब अपरिचित नसतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील चाकरमान्यांच्या घरी तो पिढ्यान्‌पिढ्या मांडला गेला आहे. पास म्हणजे पुढे होणाऱ्या प्रवासाविषयी आज बांधलेला अंदाज होय. या अंदाजाची किंमत कोणी ठरवली, तिचा लाभ कोणाला झाला आणि कोण त्यापासून वंचित राहिले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

तिकीट : अंतराचे मोल

१६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली. १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत वाढला. मुंबई-ठाणे हे २१ मैलांचे अंतर असून आरंभीच्या काळात त्याचे पहिल्या वर्गाचे भाडे २ रुपये १० आणे, तर तिसऱ्या वर्गाचे ५ आणे ३ पै होते. म्हणजेच तिसऱ्या वर्गाचा दर मैलाला तीन पै, तर पहिल्या वर्गाचा त्याच्या आठपट पडत असे. प्रवाशापुढील पहिली निवड अशी वर्गाची होती. ती त्याच्या पसंतीपेक्षा त्याच्या ऐपतीने ठरत होती, हे उघड आहे.

इंग्लंडमध्ये टॉमस एडमंडसन याने १८३० च्या दशकात अनुक्रमांक छापलेले पुठ्ठ्याचे छोटे तिकीट प्रचारात आणले. भारतीय रेल्वेनेही हीच पद्धत स्वीकारली आणि संगणकीय तिकिटे येईपर्यंत ती टिकली. या तिकिटावर प्रवाशाचे नाव नसे; मोल होते ते फक्त अंतराचे.

मासिक पास : नित्याच्या प्रवासाचे मोल

पासने हे गणित बदलले. पासधारकाला ओळखपत्र बाळगावे लागते आणि पास दुसऱ्यास देता येत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारणपणे १५ एकेरी प्रवासांच्या भाड्याइतका ठेवण्यात आला. महिन्याला २५ दिवस कामावर जाणारा माणूस ५० एकेरी प्रवास करतो. त्याला सुट्या तिकिटांच्या तुलनेत ३० टक्केच खर्च येतो आणि आठव्या दिवशी पास वसूल होतो. त्रैमासिक पासचा दर मासिकाच्या २.७ पट, तर वार्षिक पासचा १०.८ पट आहे.

ही सवलत म्हणजे एका अर्थाने गृहनिर्माणाचे धोरणच होते. ब्रिटनमध्ये १८८३ च्या कायद्याने कामगारांसाठी स्वस्त गाड्या चालवणे रेल्वे कंपन्यांना भाग पाडण्यात आले. त्यामुळे कामगाराला शहराबाहेर राहणे परवडू लागले. ठाणे परिसरात हेच काम मासिक पासने केले. मुंबईत घर न परवडणारा लिपिक, शिक्षक वा गिरणी कामगार डोंबिवलीत किंवा वर्तकनगरच्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत राहू शकला, त्यामागे या स्वस्त पासचा मोठा वाटा होता.

जून २०१४ मध्ये याचे प्रत्यंतर आले. केंद्र सरकारने १४.२ टक्के भाडेवाढीबरोबरच मासिक पासची आकारणी १५ ऐवजी ३० एकेरी प्रवासांवर करण्याचे जाहीर केले. मुंबई परिसरात तीव्र विरोध झाला आणि काही दिवसांतच १५ प्रवासांचे सूत्र कायम ठेवण्यात आले. दुसऱ्या वर्गाच्या ८० किलोमीटरपर्यंतच्या उपनगरी प्रवासासही भाडेवाढीतून वगळण्यात आले. वरवर तांत्रिक दिसणाऱ्या या सूत्रावर लक्षावधी कुटुंबांचे मासिक अंदाजपत्रक उभे होते.

तथापि या व्यवस्थेला दोन मर्यादा होत्या. एक, पाससाठी पूर्ण रक्कम आगाऊ भरावी लागते. रोजंदारीवरील मजुराला पुढील महिन्यात काम मिळेल याची शाश्वती नसते; त्यामुळे तो रोज तिकीट काढतो आणि त्याच अंतरासाठी अधिक पैसे मोजतो. दुसरी, रेल्वेचा पास स्थानकाच्या दाराशी संपतो. वर्तकनगर स्थानकापासून काही किलोमीटर आत आहे. १९८९ मध्ये ठाणे महानगरपालिकेची परिवहन सेवा सुरू झाली, तरी तिचे तिकीट वेगळेच राहिले.

पर्यटक पास : मुक्त संचाराचे मोल

नित्याच्या प्रवाशाचा मार्ग ठरलेला असतो, पर्यटकाचा नसतो. म्हणून पर्यटक पास मार्गाऐवजी मुदत विकतो. १९५९ मध्ये युरोपाबाहेरील प्रवाशांसाठी युरेल पास निघाला, तर १९७२ मध्ये युरोपीय तरुणांसाठी इंटररेल. महाराष्ट्रात राज्य परिवहन महामंडळाने १९८८ मध्ये 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना आणली. पुढे तिच्यात चार व सात दिवसांचे पास रूढ झाले. या योजनेमुळे मध्यमवर्गीय कुटुंबाला ठरलेला मार्ग न आखता राज्यभर फिरणे शक्य झाले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेनेही एक, तीन व पाच दिवसांची पर्यटक तिकिटे उपलब्ध करून दिली.

मुदतीच्या पासमध्ये एक मोह दडलेला असतो. पॅरिसच्या संग्रहालय पाससारखा पास घेतल्यावर तो 'वसूल' करण्याच्या घाईत पर्यटक दिवसाला चार ठिकाणे उरकतो आणि एकही नीट पाहत नाही. मासिक पासधारकाचा प्रवास अटळ असतो, म्हणून त्याचा हिशेब सहसा चुकत नाही. पर्यटकाचा प्रवास ऐच्छिक असल्याने त्याने पासची किंमत आपल्याला खरोखर पाहावयाच्या स्थळांच्या प्रवेशशुल्काशी ताडून पाहिली पाहिजे.

कमाल आकारणीची पद्धत

लंडनमध्ये १९८३ मध्ये बस व भुयारी रेल्वे या दोहोंसाठी एकच पास आला आणि २००३ मध्ये ऑयस्टर कार्ड. २००५ पासून या कार्डावर दैनिक कमाल आकारणी सुरू झाली. कार्ड कितीही वेळा वापरले, तरी ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत. २०१४ मध्ये बँक कार्डांसाठी साप्ताहिक मर्यादाही आली. यामुळे आधी अंदाज बांधण्याची आणि आगाऊ रक्कम भरण्याची गरज बऱ्याच अंशी उरली नाही. भारतात २०१९ मध्ये सामायिक वाहतूक कार्डाची घोषणा झाली. मात्र एक कार्ड असणे आणि एक भाडे असणे या भिन्न गोष्टी आहेत.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, तिकिटाने अंतराला, मासिक पासने नित्याच्या प्रवासाला आणि पर्यटक पासने मुक्त संचाराला मोल दिले. ठाणे परिसराच्या वाढीत मासिक पासचा वाटा निर्विवाद आहे. परंतु त्याचा लाभ नियमित पगार असणाऱ्यांपर्यंतच प्रामुख्याने पोहोचला. ज्याच्या हाती महिन्याची रक्कम एकदम येत नाही, त्याला पासची सवलत कमाल आकारणीच्या मार्गाने देता येईल. वर्तकनगरची बस आणि ठाण्याची लोकल एकाच भाड्याखाली आल्यास पासच्या दीर्घ इतिहासातील ही उणीव भरून निघेल.