दंतवैद्याची तार आणि मोबाइलची टिंग

नको असलेल्या संदेशांचा त्रास मोबाइलबरोबर सुरू झाला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे पहिले गाजलेले उदाहरण आमच्याच क्षेत्रातले आहे.

मे १८६४. लंडनमधील काही राजकारण्यांच्या घरी संध्याकाळी तार आली. तार म्हणजे तातडीची खबर. घाईने पाकीट फोडले, तर आत हार्ले स्ट्रीटवरच्या गॅब्रिएल या दंतवैद्यांची जाहिरात: दवाखाना १० ते ५ उघडा राहील! चिडून ‘टाइम्स’ वृत्तपत्राकडे तक्रार गेली.

राग जाहिरातीपेक्षा खोट्या तातडीचा होता. आपल्याकडेही २०१३ मध्ये तारसेवा बंद होण्याच्या कितीतरी आधीपासून ‘तार आली’ म्हटले की पोटात गोळा यायचा, तो याच कारणाने.

पुढे १९७८ मध्ये गॅरी थुर्क यांनी संगणक विकण्यासाठी सुमारे ४०० जणांना एकाच वेळी ईमेल पाठवला. २००९ मध्ये ॲपलने आयफोनवरील इतर कंपन्यांच्या ॲपनाही पुश नोटिफिकेशनची सोय दिली. आता आईचा निरोप, बँकेचा ओटीपी आणि अनोळखी माणसाचा रील, सगळ्यांची टिंग सारखीच.

याचे नुकसान दुहेरी आहे. प्रत्येक टिंगला लक्ष विचलित होते, झोप मोडते. आणि काही दिवसांनी आपण खऱ्या निरोपाकडेही दुर्लक्ष करू लागतो. अतिदक्षता विभागात मॉनिटर विनाकारण सतत वाजले की कर्मचाऱ्यांचेही असेच होते. त्याला ‘अलार्म फटीग’ म्हणतात, आणि त्यातून रुग्णाच्या जिवाला धोका होऊ शकतो.

म्हणून सगळा फोन गप्प करू नका. आवाजाचा हक्क कोणाला द्यायचा ते ठरवा. सेटिंग्जमध्ये जाऊन सोशल मीडिया आणि खरेदीच्या ॲपची नोटिफिकेशन बंद करा. ती ॲप आपल्या सोयीच्या वेळी उघडून पाहता येतात. त्रासदायक मजकूर दिसला तर वाद न घालता ‘नॉट इंटरेस्टेड’, म्यूट किंवा ब्लॉक वापरा. रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, पण आईवडील, मुले आणि शेजारी यांचे फोन येतील अशी सूट त्यात जरूर ठेवा. जाहिरातींच्या कॉलसाठी १९०९ वर नोंदणी करता येते.

आज झोपण्यापूर्वी दहा मिनिटे काढून एवढे करा. मग रात्री फोन वाजलाच, तर तो नक्की उचला.