आगीचे प्रवचन

गोव्यात ज्वालामुखी नाही. आमची घरे जांभ्या चिऱ्यांची, अंगणातली माती तांबडी. लाव्हा आम्ही पाहिला तो शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात: शंकूसारखा डोंगर आणि टोकावर धूर. पण पृथ्वीवरचे सर्वांत मोठे लाव्हा असे डोंगराच्या तोंडातून आलेच नाहीत. जमीन फाटली आणि लांबच लांब भेगांतून तप्त रस वाहत राहिला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण असाच, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तो पाहायला तेव्हा माणूस नव्हता. तोच प्रकार, कितीतरी लहान प्रमाणावर, माणसाच्या डोळ्यांदेखत घडला तो आइसलंडमध्ये, १७८३ साली. आणि ते सारे लिहून ठेवणारा एक पाद्री तिथे होता. योन स्टेनग्रीमसन त्याचे नाव.

८ जून १७८३, पेंटेकॉस्टचा रविवार. उत्तरेच्या डोंगरांमागून काळा ढग वर आला आणि राख पडू लागली. लाकी डोंगराच्या दोन्ही अंगांनी सुमारे २७ किलोमीटर जमीन फाटली होती. त्या भेगेवर शंभराहून अधिक विवरे उघडली. स्काफ्टा नदी आधी आटली, मग तिच्याच घळीतून लाव्हा उतरला. शेते, घरे त्याखाली गेली.

२० जुलैला लाव्हा योनच्या गावाच्या, किर्क्युबायारक्लाउस्टुरच्या, जवळ येऊन ठेपला. ही शेवटचीच प्रार्थना असे समजून लोक देवळात जमले. योनने प्रवचन लांबवले, कुणी उठून गेले नाही. प्रार्थना संपल्यावर बाहेर जाऊन पाहतात तो लाव्हा पुढे सरकलाच नव्हता, जागच्या जागी थरांवर थर साचत होता. श्रद्धाळूंनी चमत्कार म्हटले. नदीनाल्यांच्या पाण्याने तो थिजला असे अभ्यासक म्हणतात. आइसलंडमध्ये मात्र त्या दिवसाला आजही ‘आगीची प्रार्थना’ म्हणतात.

गाव वाचले, पण माणसे वाचली का? खरा घात लाव्ह्याने केलाच नाही, वायूने केला. फ्लोरीन गवतावर बसला, ते गवत खाऊन गुरांची हाडे सुजली, दात वाकडे झाले. देशातली बहुतेक मेंढरे आणि निम्मी गुरे मेली. मग दुष्काळ. देशाची वस्ती जेमतेम ५० हजार, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा दगावला. योनची बायकोही १७८४ मध्ये गेली.

आइसलंडवर राज्य डेन्मार्कच्या राजाचे. समुद्रापलीकडच्या दरबाराकडून काही यायला किती वेळ लागतो, हे गोवेकराला वेगळे सांगायला नको. मदतीच्या पैशांची एक मोहरबंद पेटी अधिकाऱ्याकडे पोचवायला योनच्या हाती दिली होती. वाटेत उपाशी लोक भेटले. त्याने पेटी फोडली आणि काही पैसे वाटून टाकले. त्याबद्दल त्याच्यावर ठपका आला, दंड झाला, जाहीर माफी मागावी लागली. लाव्ह्यापुढे न हललेला माणूस कारकुनी कागदापुढे असा नमवला गेला. मला तर त्या प्रवचनापेक्षा ही पेटीच जास्त आठवते.

लाकीचे धुके युरोपभर पसरले. पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ मध्ये त्या ‘कोरड्या धुक्या’वर लिहिताना आइसलंडच्या ज्वालामुखीचा तर्क मांडला होता. आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानात त्याच सुमारास ‘चालीसा’ दुष्काळ पडला. संवत १८४० म्हणून चालीसा. लाकीच्या वायूंनी त्या वर्षीचा पावसाळा दुबळा केला असे काही संशोधकांचे गणित आहे. पण पाऊस काही भागांत त्याआधीच हुकू लागला होता, तेव्हा सगळा दोष लाकीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

योनने १७८८ मध्ये या आगीचा इतिहास लिहून पुरा केला आणि १७९१ मध्ये तो वारला. त्याच्या गावात १९७४ पासून त्याच्या नावाचे छोटे देऊळ आहे. आसपासच्या लाव्ह्यावर आता जाड, मऊ शेवाळ वाढले आहे. त्यावर पाय देऊ नका, असे येणाऱ्यांना सांगतात. एकदा तुडवलेले ते शेवाळ पुन्हा भरून यायला फार वर्षे लागतात.