न्यूयॉर्कनं दहा वर्षं मोजलेली दुसरी पसंती

पसंतीक्रमाचं मतदान म्हटलं की आपल्याला विधान परिषद आठवते, आमदारांची मतं, रात्रीपर्यंत चाललेली मोजणी. पण एकेकाळी न्यूयॉर्कचा साधा मतदार आपले नगरसेवक असेच निवडायचा.

झालं काय, तर 1935 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला मतं मिळाली साधारण दोनतृतीयांश आणि जागा मात्र 65 पैकी साठहून जास्त! लोक वैतागले. 1936 च्या सार्वमतात त्यांनी पद्धतच बदलली. 1937 पासून मतपत्रिकेवर 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. शहराच्या पाच मोठ्या विभागांत दर 75,000 मतांमागे एक नगरसेवक. जिंकलेल्याची जादा मतं आणि बाद झालेल्याची मतं पुढच्या पसंतीकडे जायची.

त्यातूनच 1941 मध्ये ॲडम क्लेटन पॉवेल हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक झाले. पण त्याच वर्षी ब्रुकलिनमधून एक कम्युनिस्टही आला, 1943 मध्ये मॅनहॅटनमधून दुसरा. इथं माशी शिंकली. शीतयुद्धाचे वारे वाहू लागल्यावर विरोधकांना आयता मुद्दा मिळाला आणि 1947 मध्ये सार्वमतानंच ही पद्धत गेली. 1949 मध्ये 25 पैकी 24 जागा पुन्हा डेमोक्रॅटिक पक्षाकडे!

मला टोचतं ते हेच. दोन नकोशी माणसं घालवायला मतदारांनी सगळ्याच विरोधकांच्या खुर्च्या काढून घेतल्या. 2021 पासून तिथं पक्षांतर्गत निवडणुकीत पसंतीक्रम परत आलाय, पण वॉर्डातून विजेता एकच. मतांच्या प्रमाणात जागा काही परतल्या नाहीत.