सांगोला भुईकोट

सांगोला भुईकोट : सोलापूर जिल्ह्यातील सांगोला या तालुक्याच्या ठिकाणचा, विजापूरच्या आदिलशाहीत बांधला गेलेला आणि आता भग्नावस्थेत असलेला कोट. पंढरपूरच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किमी. अंतरावर, मिरज–पंढरपूर लोहमार्गावर हे गाव आहे. माण नदीच्या खोऱ्यातला हा अवर्षणाचा मुलूख माणदेशात मोडतो. राजगड-प्रतापगड पाहिलेला माणूस इथे आला की हिरमुसतो. चढ नाही, कडा नाही, तटही सलग राहिलेला नाही आणि चहूबाजूंनी वस्ती दाटलेली. पण डोंगरी किल्ल्याचे माप भुईकोटाला लावले की असे होणारच. डोंगरी किल्ला संकटात आसरा देतो. भुईकोट हे मुळात ठाणे. परगण्याचा वसूल गोळा करायचा, दप्तर सांभाळायचे, शिबंदी ठेवायची आणि अंमल कोणाचा हे मुलखाला दाखवायचे, यासाठी ते उभारलेले असते. सांगोल्याचे महत्त्व या बाजूने पाहिले तरच उमगते. इथली सर्वांत मोठी घटना तटावर घडली नाही, कागदावर घडली.

सपाटीवर निसर्ग काहीच फुकट देत नाही. कड्याचे काम खंदकाला आणि उंचीचे काम बुरुजांना करावे लागते. वेढा पडला तर आतल्या विहिरीवर भिस्त. म्हणून भुईकोटाच्या बांधणीत प्रत्येक गोष्ट माणसाने हिशेब करून घातलेली असते. याच जिल्ह्यातला सोलापूरचा कोट पाहिला की हे नीट कळते: दुहेरी तट, भोवती खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलावाचे पाणी. सांगोल्याचा अवशेष वाचताना सोलापूर डोळ्यांसमोर ठेवावे, कारण मोडलेल्या तटाची भाषा धडधाकट तटावरूनच शिकता येते. तटाच्या माथ्यालगत चालायची वाट ती फांजी; तिच्या कडेच्या भिंतीत बंदुकीसाठी ठेवलेली तिरकी भोके त्या जंग्या; दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांसाठी दोन अंगांना असतात त्या देवड्या. जंगीत हात घालून पाहिला तर उतार खाली जातो हे लगेच जाणवते. नेम तटाच्या पायथ्याशी भिडलेल्या माणसावर धरायचा असे. या भागातले कोट आणि गढ्या नामशेष होण्याचे कारण नेहमी तोफ नसते. खाली दगड आणि वर पांढऱ्या मातीचा भराव अशी पुष्कळांची बांधणी. दगड उचलला तर घराच्या पायाला लागतो, आणि पांढरीची माती पिकाला मानवते म्हणून शेतकरी ती गाडीने नेऊन रानात पसरत आले आहेत. त्यांना दोष देता येत नाही. पण तट असा विरघळत गेला की त्याबरोबर इतिहासाचा पुरावाही जातो, आणि त्याची भरपाई कशानेच होत नाही.

आता त्या कागदाकडे. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू छत्रपती निवर्तले आणि त्यांचे दत्तक वारस रामराजे साताऱ्याच्या गादीवर आले. पेशव्यांचा वाढता जोर दरबारातल्या प्रतिनिधींच्या पक्षाला मानवणारा नव्हता. प्रतिनिधींचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार पाहणारे, यमाजी शिवदेव यांनी सांगोल्याच्या कोटाचा आश्रय करून उठाव केला. पेशव्यांचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊंनी, त्यांचे वय तेव्हा अवघे वीस, तो मोडून काढला. रामराजे या मोहिमेत भाऊंबरोबर होते, आणि मुक्काम सांगोल्यास असतानाच, सप्टेंबर १७५० मध्ये, करार झाला: राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांकडे, आणि छत्रपतींकडे साताऱ्याभोवतालचा थोडका मुलूख. मराठी राज्याचे केंद्र साताऱ्याहून पुण्याला सरकल्याची नोंद ज्या गावच्या नावाने ओळखली जाते, ते गाव हे.

कोट हे मुळात ठाणे, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की, ही मोहीमच कोट लढाऊ होता हे सिद्ध करते. पण यमाजींना केवळ आसरा हवा असता, तर त्याहून अवघड जागा थोड्या नव्हत्या. त्यांनी ठाणे धरले, कारण ठाणे ज्याच्या हाती त्याच्या हाती मुलखाचा वसूल. भाऊ धावून आले तेही त्याचसाठी. कराराच्या महत्त्वावरचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शाहूंनी अखेरच्या काळात लिहून दिलेल्या याद्यांनी पेशव्यांना अधिकार आधीच मिळाला होता. शिवाय २४ नोव्हेंबर १७५० रोजी ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले, आणि छत्रपतींना कबूल केलेल्या अटी पाळल्याच गेल्या नाहीत, असे इतिहासकार ग्रँट डफ नोंदवतो. मग कराराला किंमत काय? हे सगळे खरे धरूनही उत्तर देता येते. शाहूंच्या याद्या म्हणजे जाणाऱ्या राजाची इच्छा. सांगोल्यात गादीवर बसलेल्या राजाची संमती मिळाली, आणि दोन्हींचे वजन सारखे नाही. ही संमती लष्कराच्या छावणीत घेतली गेली, ती मोकळ्या मनाची होती असे म्हणवत नाही. अटी मोडल्या याचा दोष पेशव्यांकडे जातो, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु व्यवस्था टिकली. १७५२ मध्ये जेजुरीस ताराबाई आणि नानासाहेब पेशवे यांचा समेट झाला, तरी कारभार साताऱ्याकडे परतला नाही; १८१८ पर्यंत तो पुण्यातूनच चालला.

कोटाच्या आश्रयाने पेठ वाढली, आणि गाव इतके भरभराटले की पंचक्रोशीत त्याला सोन्याचे सांगोले म्हणत. १८०२ मध्ये होळकरांच्या पठाणांनी ते लुटले. ज्या ठाण्याने गावाला श्रीमंत केले, त्याला लुटीच्या दिवशी गाव वाचवता आले नाही. आणि याचे नवल वाटू नये, कारण ठाण्याचा दरारा तटापेक्षा मागच्या सत्तेवर अवलंबून असतो, आणि त्या वर्षी पुण्याची सत्ताच डळमळीत होती. सांगोला एकटे पाहण्यापेक्षा मंगळवेढ्याचा कोट, भीमेकाठचे माचणूर आणि सोलापूर यांच्यासह पाहावे. माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीस औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे होती, आणि तिथला कोट नदीकडून पाहिला की सपाटीवरचे बांधकाम पाण्याचा आधार कसा घेते ते दिसते. सांगोल्यात तो आधार बांधणाऱ्यांना मिळालेला नव्हता.