हबसाणातली सावळी पोर

गेल्या दिवाळीत बोर्ली पंचतनच्या घरी, ओटीवर बसून माझा बायोडेटा तयार झाला. मावशीने मोबाइलवर एक अ‍ॅप उघडलं होतं. नाव, रास, उंची, शिक्षण बी.ई. कॉम्प्युटर, नोकरी पुणे. मग आला ‘वर्ण’. पर्याय चार : गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. मावशीने माझ्याकडे न बघताच ‘निमगोरा’वर बोट ठेवलं.

“मावशी, हा माझा रंग नाही.”

“अगं, सगळे एक पायरी वरचा टाकतात. समोरचेही तसंच धरून चालतात.”

फॉर्म बनवणं हे माझं रोजचं काम आहे. कुठला रकाना ऐच्छिक ठेवायचा आणि कुठल्यापुढे लाल चांदणी लावायची, यावर आमच्या मीटिंगा तासन्‌तास चालतात. या ‘वर्ण’पुढे लाल चांदणी होती. म्हणजे हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं कुणीतरी कुठल्यातरी ऑफिसात बसून ठरवलं होतं. आणि यादीत ‘काळा’ नव्हताच. काळ्या मुलीला तिथे ‘सावळी’ व्हावं लागतं, सावळीला गव्हाळ, आणि गव्हाळीला निमगोरी.

पाचवीत असताना वर्गातली मुलं मला ‘हबशी’ म्हणायची. एकदा रडत घरी आले आणि आजीला विचारलं, हबशी म्हणजे काय? आजी सुपारी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “आपले राजे होते ते.” मला वाटलं, माझी समजूत काढतेय. ती समजूत नव्हती, इतिहास होता. पण हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

राजे काळे होते

आजी जन्मली तेव्हा बोर्ली ब्रिटिशांच्या थेट अंमलाखाली नव्हतं. ते जंजिरा संस्थानात होतं. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा पट्टा सिद्दी नवाबांचा. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. अ‍ॅबिसिनिया म्हणजे हबश, तिथला तो हबशी, आणि त्यांचा मुलूख म्हणून आमच्या किनाऱ्याचं जुनं नाव हबसाण. हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं.

जंजिऱ्याचा किल्ला शिवाजी महाराजांना घेता आला नाही, संभाजी महाराजांनाही नाही, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या किल्ल्याच्या धन्यांचा रंग कोणता होता, यावर धडा थांबत नाही. त्याआधी मलिक अंबर नावाचा माणूस गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनमध्ये पोहोचला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२६ साली तो वारला, तोवर मुघलांना त्याने जेरीस आणलं होतं. श्रीवर्धनच्या भटांकडे तिथली देशमुखी होती. त्यांच्यातले बाळाजी विश्वनाथ सिद्दीशी बिनसल्यावर घाटावर गेले आणि १७१३ साली पेशवे झाले. म्हणजे ज्या घराण्याचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरा रंग आणि घारे डोळे येतात, त्या घराण्याने काळ्या राज्यकर्त्यांचा अंमल पाहिलेला होता.

याचा अर्थ तेव्हा सगळं छान होतं, असा नाही. सिद्दींची सुरुवातच गुलामांच्या बाजारातून झाली, आणि सत्ता हाती असली की माणसाचा रंग कुणी तोंडावर काढत नाही, एवढंच यातून दिसतं. पण एक गोष्ट मला यातून नक्की मिळाली. काळा रंग म्हणजे खालचा दर्जा, हा काही निसर्गाचा नियम नाही. माझ्या घरापासून दिघीचा धक्का जवळ आहे. तिथून होडीने जंजिऱ्याला जाता येतं. हा नियम मोडणारा पुरावा समुद्रात उभा आहे.

नाक मोजणारा साहेब

मग गोऱ्याचं हे वेड आलं कुठून? इंग्रजांनी आणलं, असं म्हटलं की आपण सुटतो. पण आपली भाषा सुटू देत नाही. तोंड काळं करणं, काळं फासणं हे आपलेच वाक्प्रचार. इज्जतीने जगणारा तो उजळ माथ्याने फिरणारा. दुसरीकडे आपलीच जमीन ‘काळी आई’, आपला विठोबा सावळा, महाभारतातल्या द्रौपदीला तिच्या रंगावरून पडलेलं नाव कृष्णा. संक्रांतीला चंद्रकळा कौतुकाने नेसायची, मंगळसूत्रात काळे मणी हवेतच. फक्त ते ज्या गळ्यात पडणार तो काळा नको.

इंग्रजांनी काय केलं, तर या आवडीनिवडीला शास्त्राचा शिक्का दिला. १९०१च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले लोकांची नाकं मोजायचा. नाकाच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण काढायचं आणि त्यावरून माणसाचा वंश ठरवायचा. जात जितकी वरची तितकं नाक अरुंद, असा त्याचा दावा. ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. रिस्लेबद्दल वाचलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग नाही आलं. रंग गेला तर गेला, नाकाने तरी मुलीला वाचवावं, असा तो हिशेब.

या हिशेबाला आतून सुरुंग लावणाऱ्यांत एक मराठी बाई होती. इरावती कर्वे १९२७च्या सुमारास बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे मोठे पुरस्कर्ते. कवट्यांच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, हे इरावतीबाईंच्या अभ्यासातून सिद्ध व्हावं, अशी त्यांची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं, की असा संबंध दिसत नाही. परक्या देशात, आपली पदवी ज्याच्या हातात त्याच्याच सिद्धांताविरुद्ध, एका पंचविशीच्या मुलीने हे लिहिलं. पुढे महाराष्ट्रात आल्यावर त्यांनीही माणसांची मापं घेतली, तो त्या काळच्या मानववंशशास्त्राचा भागच होता. पण आकडे जे सांगत नाहीत ते त्यांच्या तोंडी घालायचं नाही, ही शिस्त त्यांनी बर्लिनमध्येच दाखवून दिली होती.

१९४८ साली डॉ. आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांच्या याच मोजमापांचा आधार घेऊन रिस्लेचा सिद्धांत उलटवला. ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे आहेत, हे या मापांतून ठरत नाही, असं त्यांनी दाखवलं. ज्या वर्षी आमचं हबसाण संपलं, त्याच वर्षीची ही गोष्ट. तरीही आज एखाद्या मुलीचा रंग पाहून तिची जात ताडणारे लोक भेटतातच. पुस्तक जिंकलं, नजर बदलली नाही.

ट्यूब आणि टीव्ही

१९७५ साली हिंदुस्तान लिव्हरची ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. त्याआधी हळद, साय, डाळीचं पीठ होतंच. ट्यूबने नवीन काय केलं, तर आशेला किंमत लावली. सावळी मुलगी उदास, ट्यूब लावली, मुलगी गोरी, लग्न ठरलं किंवा नोकरी लागली : जाहिरात एवढीच. तीच पुन्हा पुन्हा.

त्याच दशकात मुंबई दूरदर्शनवर एक सावळी मुलगी मराठी बातम्या वाचत होती. स्मिता पाटील. केंद्र सुरू झालं होतं १९७२मध्ये, पडदा कृष्णधवल. १९७७ साली ‘भूमिका’ आला आणि त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझी आई सांगते, “तिला बघून पहिल्यांदा वाटलं, आपल्यासारखं दिसणारं माणूस पण पडद्यावर असतं.” आई तेव्हा लहान होती. पुढे तिनेही ती ट्यूब वापरली. दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात मावतात.

बायकांनी आवाज उठवला नाही, असं नाही. २००२-०३मध्ये अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने या जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या, काही जाहिराती बंद झाल्या. २००९मध्ये चेन्नईतून ‘डार्क इज ब्यूटिफुल’ मोहीम सुरू झाली, २०१३मध्ये नंदिता दास तिच्यात सामील झाल्या. २०१४मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम केला, की रंगावरून कुणाला दुःखी किंवा कमी दर्जाचं दाखवायचं नाही.

जून २०२०

३ जूनला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. दिवेआगर, बोर्ली, श्रीवर्धन. सुपारीच्या वाड्या झोपल्या. लॉकडाउनमुळे मी घरीच होते. वीज नाही, रेंज नाही. पत्रे शोधणं आणि पडलेल्या सुपाऱ्या उचलणं, एवढंच काम.

रेंज आली तेव्हा जगातलं बरंच काही होऊन गेलं होतं. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर उसळलेल्या आंदोलनाची झळ इथपर्यंत पोहोचली होती. डॅलसमधल्या एका भारतीय वंशाच्या तरुणीने ऑनलाइन अर्ज फिरवल्यावर शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला. त्या फिल्टरचा तसाही काही उपयोग नव्हता, काढायचा राहून गेला होता, असा कंपनीचा खुलासा. पाठोपाठ ‘फेअर अँड लव्हली’चं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं.

तो खुलासा इंजिनिअर म्हणून मला पटतो, आणि म्हणूनच खुपतो. कुणी वापरत नसलेला कोड वर्षानुवर्षं पडून राहतो, कारण तो काढा असं म्हणायला कुणी उठत नाही. आम्हीसुद्धा असा कोड ठेवतो. ‘असू दे, काही बिघडत नाही.’ ज्याचं बिघडतं तो त्या मीटिंगमध्ये नसतो.

‘पण’

दिवाळीनंतर पुण्याला परतल्यावर मी अर्ध्या तासात स्वतःचा बायोडेटा स्वतः केला. ‘वर्ण’ हा रकानाच ठेवला नाही. मावशी चार दिवस बोलली नाही. मग तिचा फोन आला : “लोक विचारतीलच गं.” बरोबर होतं तिचं. लोकांनी विचारलंच.

गेल्या महिन्यात मी घरी असताना एका स्थळाचा फोन आला. आई बोलत होती. शिक्षण झालं, पगार झाला, मग पलीकडून तो प्रश्न आला असावा, कारण आईने माझ्याकडे पाहिलं. मला पुढचं पाठ होतं : सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.

“सावळी आहे,” आई म्हणाली. आणि थांबली.

पलीकडचा माणूस ‘पण’ची वाट बघत असणार. आईने त्यांना दिवाळीतल्या पावसाबद्दल विचारलं.