कार्लाइलच्या मुलांचा हंगाम

श्रोतेहो, आज मी आपणांस एका फुटबॉल-संघाच्या एका हंगामाची हकीकत सांगणार आहें. हा फुटबॉल मात्र आपल्या ओळखीचा नव्हे. अमेरिकेंतील या खेळांत चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो पायानें कमी आणि हातानेंच अधिक नेला जातो, व तो घेऊन धांवणाऱ्यास प्रतिपक्षाचे गडी झेप घालून खालीं पाडतात. भूमि पावलापावलानें जिंकावयाची व राखावयाची, असा हा लढाईच्या वळणाचा खेळ आहे. ज्या मुलांविषयीं मी बोलणार, त्यांच्या वाडवडिलांची भूमि खऱ्याखुऱ्या लढायांत गेलेली होती, एवढें ध्यानांत असूं द्यावें.

पेनसिल्व्हेनिया राज्यांतील कार्लाइल गांवीं लष्कराच्या रिकाम्या पडलेल्या बराकी होत्या. तेथें सन १८७९ मध्यें रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानें अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलांकरितां सरकारी शाळा काढली. मुलांना त्यांच्या टोळीपासून तोडून गोऱ्यांच्या सांच्यांत ओतावयाचें, हा तिचा उघड हेतु होता. दूरदूरच्या प्रदेशांतून आणलेल्या मुलांचे केस कापीत, नांवें बदलीत, अंगावर गणवेश चढवीत आणि मातृभाषेंत बोलल्यास शिक्षा करीत. क्षयानें व इतर रोगांनीं पुष्कळ मुलें तेथेंच दगावलीं. शाळेच्या दफनभूमींत दीडशेंहून अधिक थडगीं उभीं राहिलीं.

अशा या शाळेचा फुटबॉल-संघ कॉलेजांच्या संघांत गणला जाई. हार्वर्डसारख्या बड्या विद्यापीठांशीं त्याचे सामने होत. कार्लाइलचे गडी बहुधा प्रतिपक्षाहून अंगानें हलके असत. म्हणून त्यांचा भर चपळाईवर व युक्तीवर. सन १९०३ मध्यें हार्वर्डविरुद्ध त्यांनीं एका गड्याच्या सदऱ्यांत पाठीवर चेंडू दडवून तो प्रतिपक्षाच्या हद्दीपार नेला, आणि तो कोठें गेला याचा शोध हार्वर्डचे खेळाडू करीतच राहिले! सन १९०६ मध्यें चेंडू हातानें पुढें फेंकण्याची मुभा मिळाली, तेव्हां त्या डावाचें सामर्थ्य प्रथम ओळखणाऱ्यांतहि हीच मुलें होतीं.

आतां सन १९१२ च्या हंगामाकडे वळूं. त्या वर्षीं खेळाचे नियम बदलले. मैदानाची लांबी शंभर यार्ड ठरली, दहा यार्ड पुढें जाण्यास तीनऐवजीं चार प्रयत्न मिळूं लागले, आणि हद्दीपार चेंडू नेण्याचे गुण पांचांवरून सहा झाले. संघाचा शिक्षक ग्लेन वॉर्नर हा मोठा कल्पक गृहस्थ होता. डाव ठरविण्याचें काम गस वेल्श या ओजिब्वे तरुणाकडे होतें, आणि संघनायक होता सॅक अँड फॉक्स टोळीचा जिम थॉर्प. त्याच उन्हाळ्यांत स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांत पांच व दहा शर्यतींच्या दोन्ही स्पर्धा जिंकून तो जगद्विख्यात झाला होता.

दिनांक ९ नोव्हेंबर रोजीं हा संघ वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाशीं खेळावयास गेला. वुंडेड नी येथें लष्करानें मूळ रहिवाशांची कत्तल केली, तिला तेव्हां पुरतीं बावीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. समोर त्याच लष्कराचे भावी अधिकारी उभे होते. त्यांत ड्वाइट आयझेनहॉवर नांवाचा एक तरुण होता, जो पुढें दुसऱ्या महायुद्धांत सेनापति व त्यानंतर अमेरिकेचा अध्यक्ष झाला. मध्यंतरास कार्लाइलचे गुण सात व लष्कराचे सहा, इतकी चुरस होती. मात्र उत्तरार्धांत मागील फळीचे दोन गडी दोन्ही बगलांवर पसरण्याच्या नव्या रचनेनें प्रतिपक्ष गोंधळून गेला. सामना संपला तेव्हां कार्लाइलचे गुण २७ होते. लष्कराचे सहाच राहिले.

पुढच्याच आठवड्यांत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानें त्यांस ३४ विरुद्ध २६ गुणांनीं हरविलें. हंगामांतील तो एकच पराभव. एक सामना अनिर्णित राहिला व बारा जिंकले.

परंतु हकीकत येथें संपत नाहीं. सन १९१३ च्या जानेवारींत बोभाटा झाला कीं, थॉर्पनें सन १९०९ व १९१० मध्यें थोड्याशा पैशासाठीं बेसबॉल खेळला होता. त्या काळीं कॉलेजचे कित्येक गोरे विद्यार्थी खोट्या नांवानें हेंच करीत; यानें आपलें खरें नांव लपविलें नव्हतें, एवढाच भेद. शिक्षक वॉर्नर व शाळेचे अधीक्षक यांनीं कानांवर हात ठेवले. आक्षेप तीस दिवसांच्या आंत घ्यावा असा ऑलिंपिकचा नियम होता. ती मुदत केव्हांच टळली होती. तरीहि पदकें परत घेण्यांत आलीं.

मुलांनीं मात्र हें सारें मुकाट्यानें सोसलें नाहीं. वेल्शनें पुढाकार घेऊन दोनशेंहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. सन १९१४ मध्यें कायदेमंडळाच्या समितीनें चौकशी केली, तेव्हां फुटबॉलच्या मिळकतीचा विनियोग व शाळेंतील मारहाण चव्हाट्यावर आली. अधीक्षक गेले, वॉर्नर गेला, आणि सन १९१८ मध्यें शाळाच बंद पडली. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळावयास सन १९२४ उजाडावें लागलें.

थॉर्प सन १९५३ मध्यें वारला. तीस दिवसांच्या त्या नियमाची आठवण अधिकाऱ्यांस त्यानंतर झाली: सन १९८३ मध्यें त्याच्या मुलांच्या हातीं पदकांच्या प्रतिकृति पडल्या, आणि तो एकटाच विजेता होता हें मान्य व्हावयास सन २०२२ यावें लागलें.

मैदानावर चुन्याच्या रेघा आंखलेल्या असतात, व त्या दोन्ही पक्षांस सारख्याच असतात. कार्लाइलच्या मुलांना असा सारखा न्याय आठवड्यांतून एकदां, एका प्रहरापुरता मिळे. आणि तेवढ्या अवधींत त्यांनीं काय करून दाखविलें, तें आपण आतांच ऐकलेंत. रेघांच्या बाहेरहि तोच न्याय त्यांस मिळता, तर त्यांनीं काय केलें नसतें, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.